होटगीच्या परसातला हिवाळी भाजीपाला

होटगीत हिवाळी भाजीपाल्याचा हंगाम हस्त नक्षत्राचा पाऊस ओसरला की सुरू होतो आणि महाशिवरात्रीच्या आसपास आटोपतो. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव रेल्वेचे जंक्शन आहे. वाडीकडे जाणारी आणि विजयपूर-गदगकडे जाणारी लाइन इथे वेगळी होते. मुलूख कमी पावसाचा. वर्षाला सरासरी साडेपाचशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस होतो, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान साधारण 14 ते 16 अंशांवर राहते, एखाद्या आठवड्यात ते आणखी खाली उतरते. दुपारी मात्र पारा 28 ते 30 अंशांपर्यंत चढतोच. पीक गोठेल अशी थंडी इथे पडत नाही.

थंड देशांतल्या बागाईतदाराची सगळी धडपड पीक गोठू नये यासाठी असते. काचघरे, आच्छादने आणि ऊबदार वाफे त्याने त्यासाठीच काढले. होटगीत हिवाळी भाजीला थंडीचा धोका नाही. तिला मारतो तो मागून येणारा उन्हाळा. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारचे तापमान 34-35 अंशांवर जाते आणि मार्चअखेर ते 38 च्या पुढे सरकते. म्हणून इथल्या परसबागेचे वेळापत्रक शेवटाकडून मागे मोजत आखावे लागते. ज्या भाजीला लावणीनंतर नव्वद दिवस लागतात, तिचे रोप नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जमिनीत गेलेच पाहिजे. बियांची पाकिटे दिवाळीनंतर निवांत आणायची आणि रोपे डिसेंबरात टाकायची, ही इथली सर्रास चूक. मग फ्लॉवर ऐन उन्हात गड्ड्यावर येतो आणि दोष बियाण्याला मिळतो.

उजेडाच्या बाबतीत हे गाव फार भाग्यवान आहे. लंडनमध्ये डिसेंबरातला दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की भाजीपाल्याची वाढ जवळजवळ थांबते, असा तिकडचा अनुभव आहे. होटगीत वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो, त्यामुळे वाढ हिवाळाभर चालू राहते. फक्त सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, हे जागा निवडताना ध्यानात ठेवायचे. डिसेंबरात ऐन दुपारी तो क्षितिजापासून साधारण 49 अंशांवर असतो. दोन मीटर उंचीच्या कंपाउंडची सावली त्या वेळी उत्तरेकडे पावणेदोन मीटरपर्यंत पडते. पावसाळ्यात उन्हात असलेला वाफा हिवाळ्यात दिवसभर सावलीत जाऊ शकतो. घराच्या दक्षिणेची आणि पूर्वेची मोकळी जागा वाफ्यांना द्यावी आणि शेवगा, कढीपत्ता, लिंबू अशी झाडे उत्तरेच्या कडेला लावावीत.

माती हा इथला खरा अवघड विषय आहे. होटगीच्या परिसरात जमीन कुठे भारी काळी, कुठे मध्यम, तर कुठे वीतभर मातीखाली मुरूम अशी आहे, आणि बहुतेक ठिकाणी तिच्यात चुनखडी असते. काळी माती पाणी धरून ठेवते हा तिचा गुण, आणि पाणी जास्त झाले की मुळांना हवा मिळू देत नाही हा तिचा दोष. वाळली की ती भेगाळते आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. यावर शेणखताएवढा भरवशाचा उपाय दुसरा नाही. चौरस मीटरला दोन ते चार किलो पूर्ण कुजलेले शेणखत लावणीआधी पंधरा दिवस मातीत मिसळावे. अर्धे कच्चे शेण टाकले तर त्यासोबत हुमणी, वाळवी आणि तणाचे बी परसात येते. चुनखडीच्या जमिनीत लोह पिकाला नीट उचलता येत नाही. नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असे दिसले की लोक आणखी युरिया टाकतात, पण त्याने काही साधत नाही. सेंद्रिय खत वाढवणे आणि फेरस सल्फेटचे अर्धा टक्का द्रावण, म्हणजे लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारणे हा त्यावरचा इलाज.

मातीइतकाच पाण्याचाही विचार करावा लागतो. सोलापूरकडच्या अनेक बोअरचे पाणी जड आणि खारट असते. सगळ्या भाज्या असे पाणी सारख्या सोसत नाहीत. बीट चांगले सोसते, पालकही बऱ्यापैकी सोसतो. गाजर, मुळा, कांदा आणि घेवडा लवकर मान टाकतात. ज्या घरी खारट बोअरशिवाय दुसरे पाणी नाही, तिथे बीट आणि पालक यांना मोठा वाटा द्यावा आणि गाजराचा हट्ट धरू नये. सरी-वरंब्यावर लावणी असेल तर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. सरीत पाणी सोडले की ते वरंब्याच्या माथ्याकडे ओढले जाते, तिथून उडून जाते आणि क्षार माथ्यावर मागे उरतात. आठवडाभरात तिथे पांढरी पापुद्री दिसू लागते. त्या जागी लावलेले रोप कडेने करपते. म्हणून रोप माथ्यावर न लावता वरंब्याच्या बगलेत, पाणी पोचते त्या रेषेच्या जरा वर लावायचे.

पाणी किती द्यायचे याचा हिशेब सोपा आहे. चौरस मीटरभर जागेवर एक लिटर पाणी ओतणे म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडणे. होटगीच्या हिवाळ्यात भरल्या वाफ्यातून दिवसाला साधारण चार मिलिमीटर पाणी उडते, म्हणजे दहा चौरस मीटरच्या परसाला रोज चाळीस लिटर, सुमारे अडीच बादल्या, पुरतात. काळ्या जमिनीत हे पाणी रोज न देता तीन-चार दिवसांचे एकदम दिलेले चांगले. वरची दोन बोटे माती सुकली आणि खालची ओलसर असली की पाणी द्यावे. वाफ्यावर उसाचे पाचट किंवा कडब्याचे तुकडे पसरले तर ही गरज बरीच कमी होते, आणि पाचट या भागात मागेल तेवढे मिळते. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी वाफ्याला चालते. साबणाचे पाणी आधीच चोपण झालेल्या काळ्या मातीला आणखी बिघडवते, ते पालेभाजीपासून दूर ठेवावे.

वेळापत्रकाची सुरुवात गणपतीच्या सुमारास रोपांच्या गादीवाफ्याने होते. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि कांदा यांची आधी रोपे करावी लागतात. सप्टेंबरचा जोरदार पाऊस बियाणे वाहून नेतो किंवा कुजवतो, म्हणून जमिनीपासून वीतभर उंच वाफा करून बी दहा सेंटिमीटर अंतरावरच्या ओळींत, एक सेंटिमीटर खोल टाकतात. दाट पेरणी आणि सततची ओल यांमुळे रोपे बुंध्याशी बारीक होऊन रात्रीत कोलमडतात. ट्रायकोडर्मा चोळलेले बी, विरळ पेरणी आणि सकाळीच दिलेले पाणी एवढ्यावर हा रोग बहुतेक टळतो. कोबीवर्गाची आणि टोमॅटोची रोपे चार आठवड्यांत, वांग्याची पाच-सहा आठवड्यांत आणि कांद्याची साधारण सात आठवड्यांत लावणीला येतात. ऑक्टोबरची दुपार बत्तीस-तेहतीस अंशांची असते, तेव्हा लावणी दिवस कलल्यावर करून पहिले चार-पाच दिवस रोपांवर कडुनिंबाच्या डहाळ्यांची सावली धरावी. घटस्थापनेला ज्या परडीत काळी माती आणि धान्य पेरले जाते, तीच पद्धत जुन्या बियाण्याची उगवण पाहायला उपयोगी आहे. वीस बिया टाकाव्यात, आणि दहापेक्षा कमी उगवल्या तर नवे बियाणे आणावे.

पालेभाज्या हा परसबागेचा कणा. त्यात मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, चुका आणि चाकवत येतात. त्यांना रोप लागत नाही, जागा थोडी लागते आणि महिन्याभरात ताटात भाजी येते. चूक होते ती एकाच दिवशी सगळा वाफा पेरण्याची. मेथी पंचवीस-तीस दिवसांत तयार होते आणि पुढे आठवडाभरातच जून होऊन फुलावर येते. एक मीटर बाय तीन मीटरच्या वाफ्याचे तीन भाग करून दहा-दहा दिवसांनी एकेक भाग पेरला, आणि रिकामा झालेला भाग खत घालून लगेच पुन्हा पेरला, तर ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत घरात मेथी कमी पडत नाही. धने पेरण्याआधी हलक्या हाताने रगडून दोन फाकी कराव्या लागतात, कारण एका धन्यात दोन बिया असतात. फाकी रात्रभर भिजवल्या की उगवण एकसारखी होते. पालक मुळासकट उपटू नये. जमिनीपासून तीन बोटे वर कापला तर तो तीन-चार वेळा फुटतो. दरेक कापणीनंतर झारीने शेणाचे पातळ पाणी दिले की पुढचा फुटवा जोमदार येतो.

मुळे आणि कंद यांना भारी जमीन मानवत नाही. काळ्या मातीत गाजर सरळ उतरत नाही, त्याला दोन-तीन पाय फुटतात. गाजर घ्यायचेच असेल तर एका वाफ्याची माती फूटभर खोल भुसभुशीत करून तिच्यात पोयटा किंवा जाडसर वाळू आणि चांगले चाळलेले गांडूळखत मिसळावे. ताजे शेणखत गाजराला कधीही घालू नये, त्यानेही मुळे फाटतात. गाजराचे बी उगवायला आठवडा ते पंधरवडा घेते, आणि तेवढ्या अवधीत काळ्या मातीवर कडक पापुद्रा धरतो. कोंबाला तो फोडून वर येता येत नाही. ओळीवर मातीऐवजी वाळू आणि खताचा पातळ थर टाकून वरून ओले गोणपाट घालावे आणि पहिले कोंब दिसताच ते काढावे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने देशी लाल गाजर आणि युरोपातले नांटीस यांच्या संकरातून काढलेला पुसा केसर हा वाण उष्ण मुलखाला सोसतो, त्यामुळे होटगीत लवकरची पेरणी त्याची करावी. नांटीस नोव्हेंबरात पेरावे. रंग आणि गोडी पंधरा ते वीस अंशांत उत्तम भरते, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत निघणारे गाजर सर्वांत चांगले. मुळ्यात पुसा चेतकी उष्णता सोसतो आणि दीड महिन्यात निघतो. बिटाचे एक बी म्हणजे मुळात तीन-चार बियांचा गुच्छ असतो. उगवलेल्या झुबक्यातले एकच रोप ठेवून बाकीची काढावीत. ती कोवळी पाने भाजीत चालतात.

कोबी आणि फ्लॉवर यांना होटगीतली थंडी जेमतेम पुरते, आणि इथे वाणाची निवड सगळ्यात महत्त्वाची ठरते. फ्लॉवरचे वाण तापमानानुसार लवकर, मध्यम आणि उशिरा येणारे असे असतात. स्नोबॉलसारख्या उशिराच्या वाणाला गड्डा धरण्यासाठी दहा ते सोळा अंशांची थंडी हवी. सोलापुरात ती दिवसा मिळतच नाही. त्याचा गड्डा सुटा, तांदळाच्या कण्यांसारखा होतो किंवा त्यातून पाने डोकावतात. इथे लवकर किंवा मध्यम येणारेच वाण लावावेत. गड्डा लिंबाएवढा झाला की आतली पाने वर दुमडून सुतळीने सैल बांधावीत, म्हणजे उन्हाने तो पिवळा पडत नाही. कोबीत गोल्डन एकर लवकर येतो. दोन्हींना दोन रोपांत दीड फूट अंतर द्यावे. लहान परसात एवढी जागा अडवून नव्वद दिवसांनी एक गड्डा मिळतो, हे पाहता नवलकोल जास्त परवडतो. तो पन्नास दिवसांत येतो, अर्ध्या जागेत मावतो, आणि त्याच्या पानांचीही भाजी होते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला जी मिसळीची भाजी होते, ती परसबागेची परीक्षाच म्हणायची. वांगी, घेवडा, पावटा, गाजर, हरभऱ्याचे घाटे, कुठे वाटाणाही, सगळे त्या एका दिवशी कोवळे हाती लागले पाहिजे. त्यासाठी वांग्याची लावणी सप्टेंबरअखेर, पावट्याची टोकण त्याच सुमारास आणि गाजराची पेरणी ऑक्टोबरच्या मध्याला व्हावी. अर्केलसारखा वाटाणा पंचावन्न-साठ दिवसांत हिरव्या शेंगा देतो, म्हणून तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकला तरी भोगीला मिळतो. वाल आणि पावट्याचे वेल कंपाउंडच्या तारेवर चढवले की त्यांना वेगळी जागा लागत नाही. शिवाय त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. त्या जागी पुढच्या वर्षी कोबी लावावा.

या भागाला साजेशा दोन पालेभाज्या परसबागेच्या पुस्तकांत क्वचितच सापडतात. हरभरा आणि करडई ही त्यांची नावे. दोन्ही जमिनीतल्या ओलीवर वाढतात. सोलापूरला 1933 साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले, ते याच पावसाच्या आणि याच मातीच्या अडचणीसाठी. ओल टिकवणारी आंतरमशागत आणि रब्बीच्या कोरडवाहू पिकांची जोपासना हा तिथला मुख्य विषय. परसाच्या ज्या कोपऱ्यात पाणी पोचत नाही तिथे ऑक्टोबरात हरभरा टोकावा. महिन्याने शेंडे खुडले की भाजी मिळते आणि झाडाला फुटवे येऊन घाटेही वाढतात. पानांवरची आंब धुऊन गेली की चव उतरते, तेव्हा खुडलेली भाजी धुऊन ठेवू नये, शिजवायच्या वेळीच धुवावी. करडई काटे येण्याआधी, वीतभर असताना खुडायची. पाणीटंचाईच्या वर्षी या दोनच भाज्या घर चालवतात, आणि त्यांना परसात कायमची जागा असायला हवी.

कांदा आणि लसूण हंगामाच्या शेवटापर्यंत जमीन अडवतात. कांद्याची गाठ दिवसाच्या लांबीवर धरते. युरोपातल्या अनेक वाणांना चौदा-सोळा तासांचा दिवस लागतो, आणि महाराष्ट्रात तेवढा दिवस कधीच होत नाही. परदेशी पाकिटातले कांद्याचे बी इथे नुसती पात देते, ते याच कारणाने. रब्बीसाठी एन-2-4-1 हा निफाडच्या संशोधनातून आलेला वाण टिकतोही चांगला. लहान परसात कांदा पातीसाठी आणि लसूण वाफ्यांच्या काठाने लावावा. ऑक्टोबरात टोकलेला लसूण फेब्रुवारीत निघतो.

किडींमध्ये मावा सगळीकडे येतो आणि कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग ठरलेला. पतंगाला मोहरी कोबीपेक्षा जास्त आवडते, म्हणून कोबीच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर पंचवीस दिवसांनी वाफ्याच्या कडेला मोहरीची ओळ पेरतात आणि किडलेली मोहरी काढून टाकतात. टोमॅटोजवळ झेंडू असला तर फळ पोखरणारी अळी आधी तिकडे वळते, आणि झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमीही कमी होतात. माव्यावर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यावर भागते. त्यापुढे निंबोळी अर्क आहे. लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून, गाळून आणि चिमूटभर साबणाचा चुरा घालून संध्याकाळी फवारावा, कारण उन्हात त्याचा गुण उतरतो. जानेवारीत वाटाण्यावर पांढरी भुरी दिसते. लवकर पेरलेला वाटाणा तोवर निघून गेलेला असतो. आठवडाभरात खुडायच्या पालेभाजीवर रासायनिक औषध मारणे घरच्या बागेत कशासाठीही योग्य नाही. शेळ्या आणि कोंबड्यांसाठी मात्र बाभळीच्या काट्यांचे कुंपण लागतेच.

बियाण्याबाबत एक भेद माहीत असावा. मेथी, धने, शेपू, वांगी, टोमॅटो, घेवडा, पावटा आणि हरभरा यांचे बी होटगीत घरी धरता येते. संकरित वाण असेल तर पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत, म्हणून त्यासाठी सुधारित किंवा गावरान वाण निवडावा. कोबी, उशिराचा फ्लॉवर आणि नांटीस गाजर यांना फुलोऱ्यावर येण्यासाठी कित्येक आठवड्यांची कडक थंडी हवी. ती मैदानी मुलखात नसते, म्हणून त्यांचे बियाणे हिमाचल प्रदेशातल्या कुलू खोऱ्यासारख्या थंड भागांत तयार होते आणि ते दरवर्षी विकतच घ्यावे लागते. घरच्या बियाण्यासाठी सर्वांत निरोगी झाड आधीच खूण करून राखावे, उरलेले राखू नये. वांगे पिवळे पडेपर्यंत आणि शेंगा झाडावर खडखडीत वाळेपर्यंत थांबावे, बी सावलीत सुकवावे आणि राख मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि मोहोळचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे चांगल्या वाणांची चौकशी करता येते.

फेब्रुवारीच्या मध्यावर मेथी पेरल्या पेरल्या फुलावर येऊ लागते, पालकाची पाने जाड होतात आणि फ्लॉवर पिवळा पडतो. शेडनेट ताणून टोमॅटो आणि वांगी आणखी महिनाभर ओढता येतात. कोबी-फ्लॉवरचे उशिराचे गड्डे मात्र राखू नयेत. होटगीत मार्चनंतर पाणी मोजून मिळते आणि ते न भरणाऱ्या गड्ड्यांवर घालवणे परवडत नाही. महाशिवरात्रीपर्यंत ते वाफे रिकामे करावेत, मुळे जागेवर ठेवून बुंधे कापावेत, वर पाचट पसरावे आणि त्याच ओळींत गवार, भेंडी आणि काकडी टोकावी.